विश्वासू इसम मिळून आला नाही

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र मला पहिल्या कागदापासून शेवटच्या सहीपर्यंत आठवतं. यात धाड नव्हती, पाठलाग नव्हता, वर्तमानपत्रात चार ओळीही आल्या नाहीत. तरी माझ्या सगळ्या सेवेत मला ज्या कामाचा सर्वांत जास्त अभिमान आहे, ते हेच.

सोलापूर शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी त्या वेळी प्रभारी निरीक्षक होतो. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. ठाण्याच्या मागच्या भिंतीला लागूनच यंत्रमागाचे कारखाने, त्यामुळे दिवसभर खटाखट चालू. नवीन बदलून आलेला माणूस पहिला आठवडा ओरडून बोलायचा, मग त्याला सवय व्हायची. त्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा वायरलेस सेट. तो कधीच गप्प बसत नसे.

आमच्याकडे मुद्देमाल कारकून म्हणून एक महिला हवालदार होत्या. गुन्ह्यात जप्त झालेली प्रत्येक वस्तू, मग तो चोरीचा मोबाइल असो की खुनातलं हत्यार, पंचांच्या सह्या आणि लाखेचं सील लावून मुद्देमाल खोलीत ठेवतात. तिची नोंद, तिची राखण आणि तारखेला ती न्यायालयात पोचवण्याची व्यवस्था ही या कारकुनाची जबाबदारी. वय चाळिशीच्या थोडं पुढं, सासर विणकरांचं, घरात तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी मराठी. सगळं ठाणं त्यांना ताई म्हणायचं. मीही इथे तेच म्हणतो. दुपारी त्या डबा उघडायच्या आणि कडक भाकरी, शेंगाचटणी सगळ्यांच्या हातावर ठेवायच्या. त्यांच्या रजिस्टरमध्ये कधी खाडाखोड सापडली नाही. वार्षिक तपासणीच्या वेळी मी त्यांच्या कामावर 'उत्तम' असा शेरा दिला होता.

एका सोमवारी सहायक आयुक्तांकडून माझ्याकडे एक निनावी अर्ज चौकशीसाठी आला. 'सदर पोलीस ठाण्यातील सीलबंद पाकिटे उघडून त्यातील मुद्देमाल बदलला जात आहे. यात ठाण्यातीलच कर्मचारी सामील असून ते वायरलेसवरून खुणेच्या भाषेत एकमेकांना सूचना देतात.' खाली सहीच्या जागी 'एक प्रामाणिक कर्मचारी'. असे अर्ज महिन्याला दोन-चार येतातच. बदली हुकलेला, रजा नाकारलेला कोणीतरी रागाच्या भरात लिहितो. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला.

गुरुवारी मात्र तो परत बाहेर काढावा लागला. पुढच्या मंगळवारी सत्र न्यायालयात एका खुनाच्या खटल्याची तारीख होती. होटगीच्या एका तरुणाचा त्याच्या भागीदारानं सत्तूरनं खून केला होता. मयताची आई प्रत्येक तारखेला एकटी यायची आणि न्यायालयाच्या आवारात दिवसभर बसून असायची. कोर्टाचं काम बघणारा अंमलदार पाकिटं काढायला मुद्देमाल खोलीत गेला आणि रिकाम्या हातानं परत आला. सत्तूर नाही, रक्ताचा शर्ट नाही, रक्तमिश्रित मातीची पुडीही नाही. मी दोन पंच बोलावून सगळ्या खोलीची झडती आणि मोजदाद घेतली. बाकीची प्रत्येक वस्तू जागेवर होती. गहाळ होती ती फक्त याच खटल्यातली तीन पाकिटं.

अर्थ सरळ होता. आरोपीचे नातेवाईक सधन होते, खोलीची किल्ली ताईंकडे होती. ठाण्यात कुजबुज सुरू झाली, की ताईंनी हात ओले करून घेतले. सहायक आयुक्त फोनवर म्हणाले, "सोमवार संध्याकाळपर्यंत एकतर पाकिटं मिळाली पाहिजेत, नाहीतर तिच्यावर गुन्हा दाखल झाला पाहिजे." एका सहकाऱ्यानं सुचवलं, की आजच गुन्हा दाखल करून अटक दाखवा, कोठडीत आपोआप बोलेल.

शुक्रवारी सकाळी मी ताईंना माझ्या केबिनमध्ये बोलावलं. एक महिला उपनिरीक्षक बाजूला बसवली. विचारपूस मी कोणाचीही करतो तशीच सुरू केली: तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारायचा आणि उत्तरांत फरक पडतो का ते बघायचं. ताईंच्या उत्तरांत फरक पडत नव्हता. पाकिटं त्यांनीच हलवली. कोणाला दिली नाहीत. ती सुरक्षित आहेत. कुठे आहेत ते त्या सांगणार नाहीत, कारण सांगितलं तर 'ते' ऐकतील.

"ते म्हणजे कोण?"

ताईंनी दाराबाहेरच्या वायरलेस सेटकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

प्रामाणिकपणे सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो सोंगाचा. वेडाचं सोंग घेणारे आरोपी मी पुष्कळ पाहिले आहेत. पण सोंग घेणारा माणूस तुमच्याकडे बघत असतो. आपला डाव लागू पडला की नाही, हे त्याला तुमच्या चेहऱ्यावर वाचायचं असतं. समोर माणसं वाढली की त्याला जोर चढतो, आणि जेवण आलं की तो व्यवस्थित जेवतो. ताई माझ्याकडे बघतच नव्हत्या. माझा प्रश्न संपला की त्या किंचित मान वळवायच्या, दुसऱ्या कोणाचं तरी ऐकून घ्यायच्या आणि मग मला उत्तर द्यायच्या. ओठ कोरडे पडले होते, पण समोर ठेवलेल्या पाण्याला त्यांनी हात लावला नाही.

मग एकेक गोष्ट मला आठवायला लागली. काही महिन्यांपासून त्यांनी ठाण्याचा चहा सोडला होता. डबा उघडणं बंद झालं होतं. मुद्देमाल खोलीचं कुलूप त्यांनी स्वतःच्या पैशानं दोनदा बदललं होतं. वायरलेस सेट दुसऱ्या खोलीत हलवा, असं त्या मला दोनदा सांगून गेल्या होत्या. मला वाटलं, आवाजाचा त्रास होतो. रजिस्टरच्या समासात त्या रोज 'तपासले' असं लिहायच्या, अलीकडे तर एकेका नोंदीपुढे चार-चार वेळा. मी त्याला दक्षता समजलो होतो.

मी उठून बाहेर गेलो आणि ठाणे अंमलदाराला सेट बंद करून हातातल्या वॉकीटॉकीवर काम चालवायला सांगितलं. मला कसली परीक्षा घ्यायची नव्हती. त्यांना जरा निवांत वाटावं, एवढाच हेतू. आत येऊन दार लावून घेतलं. केबिनमध्ये फक्त मागांचा आवाज उरला. ताई बराच वेळ कान देऊन बसल्या. मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"सर, सेट बंद हाय ना?"

"हो ताई, बंद आहे."

"मग हे कोण बोलायलंय?"

  उपनिरीक्षक बाईंनी खुर्ची जवळ ओढून त्यांचा हात हातात घेतला. ताईंनी तो काढून घेतला नाही.

त्यांना बाहेर बसवून मी निनावी अर्ज पुन्हा वाचला, आणि आधी नजरेतून सुटलेली एक गोष्ट दिसली. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी ओळीत उरलेली मोकळी जागा लेखकानं आडव्या रेघेनं भरून टाकली होती, मागाहून कोणी तिथे शब्द घुसडू नये म्हणून. मी मुद्देमाल रजिस्टर मागवलं. तीच रेघ, त्याच जागी, तेच अक्षर. अर्ज ताईंनीच लिहिला होता. चोर स्वतःहून आयुक्तालयात तक्रार देत नाही. ही बाई पुरावा विकत नव्हती. तिच्या समजुतीप्रमाणे ती तो वाचवत होती, आणि आमच्या सगळ्यांपासून वाचवत होती.

मी त्यांच्या पतींना बोलावून घेतलं. टॉवेलच्या कारखान्यात काम करणारे, अबोल गृहस्थ. आधी ते घरात सगळं ठीक आहे असंच सांगत राहिले. मी म्हणालो, की मी आत्ता अधिकारी म्हणून विचारत नाही. तेव्हा ते बोलले. आठ महिने झाले, ताईंची झोप गेली होती. टीव्हीवर त्या चादर टाकून ठेवायच्या. स्वयंपाकात कोणी काही मिसळतं, म्हणून स्वतः रांधलेलंच खायच्या, तेही घासभर. नवऱ्यानं गंडेदोरे केले, दोन ठिकाणी अंगारा आणला. डॉक्टरकडे मात्र नेलं नाही.

"का नेलं नाही?"

"नेलं असतं तर कागद झाला असता, साहेब. कागद झाला की वर्दी गेली असती. ती वर्दीवरच जगती."

वर्दीची काळजी मी घेतो, असा शब्द मी दिला, तेव्हा शनिवारी सकाळी ताईंना घेऊन ते सरकारी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. मी साध्या कपड्यांत सोबत गेलो. डॉक्टरांनी त्यांना तपासलं, पतींकडून सगळं समजून घेतलं आणि दोघांच्या संमतीनं मला आत बोलावलं. स्किझोफ्रेनिया, ते म्हणाले. हा मेंदूचा आजार आहे, स्वभावाचा दोष नाही आणि बाहेरची बाधाही नाही. यात एका माणसाची दोन माणसं होतात, हा लोकांचा गैरसमज. अशी माणसं दुसऱ्याच्या जिवावर उठतात, हाही बहुतेक वेळा गैरसमजच. उलट तीच जास्त मार खातात. औषधांनी पुष्कळजण सावरतात, पण त्याला आठवडे लागतात आणि गोळ्या मध्येच सोडून चालत नाही.

मी त्यांना माझी अडचण सांगितली. मंगळवारी तारीख आहे, पाकिटं कुठे आहेत ते विचारू की नको?

ते म्हणाले, "विचारा, पण दरडावू नका. तुम्हाला आत्ता माझा आवाज जसा येतोय, तसेच त्यांना ते आवाज येतात. असं काही नसतंच म्हणालात, तर तुम्हीही त्यांच्या शत्रूंत जमा. खरंच आहे म्हणालात, तर भीती वाढेल. आवाजांबद्दल वाद घालू नका. त्यांची भीती मात्र खरी आहे. तिच्याशी बोला."

सोमवारी सकाळी ताई पतींबरोबर ठाण्यात आल्या. दोन दिवसांत औषधानं थोडी झोप लागली होती, इतकंच. मी त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "ताई, हा मुद्देमाल चुकीच्या हाती पडू नये, ही तुमची काळजी. माझीही तीच आहे. होटगीची ती आई उद्या येणार. पाकिटं न्यायालयापर्यंत न्यायची जबाबदारी आता मी घेतो. तुम्ही माझ्या हातात द्या. मी तुम्हाला पोच देतो."

ताईंनी एकदा पतींकडे पाहिलं.  मग त्या उठल्या आणि आमच्या इमारतीतल्या जुन्या महिला कोठडीकडे चालायला लागल्या. ती वापरात नव्हती. बंदोबस्ताचे तंबू आणि बाद झालेली रजिस्टरं तिथे टाकलेली असायची. सर्वांत मागच्या गठ्ठ्याखालून त्यांनी पत्र्याची एक पेटी ओढली. आत तिन्ही पाकिटं होती. लाखेची सीलं जशीच्या तशी, पंचांच्या सह्या स्वच्छ. वर एक कागद घडी घालून ठेवलेला.

तो पंचनामा होता. तारीख, वेळ, वस्तूंचं वर्णन, सीलची स्थिती, हलवण्याचं कारण, सगळं नियमाप्रमाणे. खाली पंचांच्या सह्यांच्या जागी ताईंनी लिहिलं होतं: 'पंच म्हणून विश्वासू इसम मिळून आला नाही.'

पोलिसी भाषेतलं हे वाक्य मी आयुष्यात हजारदा वाचलं असेल. त्या दिवशी मी ते पहिल्यांदा शब्दशः वाचलं. भर ठाण्यात, पस्तीस माणसांत, ही बाई आठ महिने इतकी एकटी होती. तरीही तिनं एक सील मोडू दिलं नव्हतं.

मी पोच लिहून दिली. ताईंनी ती दोनदा वाचली, घडी केली आणि खिशात ठेवली. मग रीतसर दोन पंचांसमक्ष आम्ही नवा पंचनामा केला. मंगळवारी मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून जे घडलं ते लपवाछपवी न करता सांगितलं: पाकिटं ठाण्याच्या आवारातच हलवली गेली, कर्मचारी आजारी होती, सीलं शाबूत आहेत. बचाव पक्षाच्या वकिलांनी मला तास-दीड तास सोलून काढलं. न्यायाधीशांनी पाकीट स्वतः हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि सील शाबूत असल्याची नोंद घेतली. पुढे त्या खटल्यात शिक्षा झाली.

पाकिटं मिळाली तरी सहायक आयुक्तांचं मत निलंबनाचंच होतं. मी त्यांना भेटून सांगितलं, की नोकरीत असताना आजार जडला म्हणून कर्मचाऱ्याला घरी बसवता येत नाही, कायदाच तसं सांगतो. पाय मोडलेल्या शिपायाला आपण बसून करायचं काम देतो, इथेही तेच करू. ते म्हणाले, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? मी म्हणालो, मी लेखी देतो. त्यांनी तसं लिहून घेतलं आणि ताईंची वैद्यकीय रजा मंजूर केली.

आता ठाण्यातल्या तोंडांचा प्रश्न होता. ताईंची आणि पतींची परवानगी घेऊन मी सकाळच्या हजेरीला सगळ्यांना आजाराचं नाव सांगितलं. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. तेवढ्यात आमचे सर्वांत जुने हवालदार, मैंदर्गीचे, रांगेतून पुढे आले. घरात कन्नड, बाहेर गावाकडची मराठी, आणि बोलणं मोजून मापून.

"साहेब, माज्या थोरल्या भावाला असंच झालतं. आमी त्याला देवस्थानात नेऊन ठिवला. तितं त्याला साखळी घातली. तितंच गेला." त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. "आमाला कुणी सांगितलंच न्हाय की, गोळी असतीया म्हणून."

त्यानंतर माझ्या ठाण्यात ताईंच्या पाठीमागे कोणी हसल्याचं मला आढळलं नाही.

ताई पाच महिन्यांनी हजर झाल्या. औषधांमुळे वजन वाढलं होतं, हात किंचित थरथरायचा, सकाळी सुस्ती असायची. मी त्यांना मुद्देमाल खोलीत पाठवलं नाही, हत्यारांशी संबंध ठेवला नाही. पासपोर्ट पडताळणीचं टेबल दिलं आणि सकाळची वेळ तासभर पुढे ढकलून दिली. सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. पुढच्या वर्षी बरं वाटतंय म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि आवाज परत आले. पण या वेळी पतींनी अंगारा आणला नाही. पहिल्याच दिवशी मला फोन केला. तीन आठवड्यांत ताई पुन्हा टेबलावर होत्या.

त्याच उन्हाळ्यात बीट मार्शलनी एका माणसाला धरून आणलं. बाजारात दुकानाच्या काचेवर दगड मारला होता. लोकांनी त्याला चोपून टॉवेलनं हात बांधले होते. तो भिंतीशी उकिडवा बसून पुटपुटत होता आणि जवळ जाणाऱ्यावर थुंकत होता. ताई टेबलावरून उठल्या, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या त्याच्यापासून चार हातांवर खाली फरशीवर बसल्या.

"किती जण बोलायलेत?" त्यांनी विचारलं.

पुटपुटणं थांबलं. त्यानं वर पाहिलं. "तिघं."

"माझ्याकडं दोघं होते," ताई म्हणाल्या. "आता लांब गेलेत. कधी कधी येतात."

त्या माणसानं पाणी मागितलं. आम्ही हात सोडले. त्या दिवशी त्याची रवानगी लॉकअपमध्ये झाली नाही, रुग्णालयात झाली, आणि गाडीत त्याच्या एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला मैंदर्गीचे हवालदार बसले होते. ठाण्याच्या पायरीवर उभा राहून मी ती गाडी जाताना पाहिली. अंगावरच्या वर्दीचं मला इतकं कौतुक त्याआधी क्वचितच वाटलं असेल.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? गुन्हेगाराच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ आम्ही वाचतो. आपल्या शेजारच्या टेबलावरचा माणूस मात्र वाचत नाही. त्याचं रजिस्टर नीट असलं की आम्ही समजतो, माणूसही नीट आहे. ताईंनी चहा सोडला, डबा सोडला, बोलणं सोडलं, आणि मी 'उत्तम' असा शेरा देऊन पुढे गेलो.

म्हणून चौकशी अहवालात मी आधी लिहिलं, की सदर कर्मचाऱ्याची कोणतीही कसुरी आढळून येत नाही. त्याखाली आणखी एक परिच्छेद लिहिला: आठ महिने लक्षणे दिसत असूनही दखल घेतली गेली नाही, ही पर्यवेक्षणातील कसुरी निम्नस्वाक्षरीकाराची आहे. निम्नस्वाक्षरीकार म्हणजे मी. आयुक्तालयातून महिन्याभरात मला लेखी ताकीद आली.

माझ्या सेवापुस्तकात बक्षिसांच्या नोंदी पुष्कळ आहेत, ताकीद ही एकच. निवृत्तीचे कागद तयार करताना कार्यालयातल्या कारकुनानं ती पाहिली आणि हळहळला. म्हणाला, वेळेत अपील केलं असतं तर निघून गेली असती, साहेब.

मी त्याला म्हणालो, राहू दे. ती मी मागून घेतलेली आहे.